डब्यातलं सोयाबीन

मित्रांनो, माझं वय अकरा वर्षं आहे आणि मी म्हातारा आहे. तुमच्यात अकराव्या वर्षी मुलं सहावीत असतात. आमच्यात अकराव्या वर्षी भंगारवाला दारात उभा असतो. मी गेम खेळायचा डबा आहे. शिकलेली माणसं मला कन्सोल म्हणतात. लातूरच्या ट्यूशन एरियात मात्र माझी ओळख ‘काळा डबा’ एवढीच आहे, आणि रंग काळा असल्यामुळे मला तक्रार करता येत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे दर अर्ध्या मिनिटाला मला एक भाऊ होत होता, त्यामुळे बारसं वगैरे कोणी केलं नाही. पाठीवर एक लांबलचक नंबर चिकटवला आणि खोक्यात बसवलं. पहिली सहा वर्षं मी पुण्यात एका इंजिनिअरच्या घरी काढली. त्याचं लग्न झालं आणि मी माळ्यावर गेलो. पुढे त्याने मला विकलं आणि मंजुश्रीताईंनी घेतलं.

मंजुश्रीताई मूळच्या उदगीरच्या, किराणा व्यापाऱ्याच्या कन्या. लातुरात त्यांचं ‘मंजुश्री झेरॉक्स अँड गेम झोन’ आहे. पुढच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन, मागच्या खोलीत गेम. मी आलो त्या दिवशी त्यांनी नारळ फोडला आणि माझ्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. त्यातली दोन हवा जाण्याच्या जाळीवर गेली. तेव्हापासून मला जरा धाप लागते. पण एवढ्या मानाने मला आजवर कोणी घरात घेतलं नव्हतं, म्हणून मी धापेचं कधी मनावर घेतलं नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर पांढरा डबा होता. तो दुसऱ्या कंपनीचा. आमच्या दोघांच्या कंपन्यांचं वैर भाऊबंदांच्या वैरासारखं आहे. बांध एकच, आणि बांधावरच्या झाडाची फळं कोणाची, यावर पंचवीस वर्षं भांडण. माझे काही खेळ त्याच्याकडे मिळत नाहीत, त्याचे काही माझ्याकडे मिळत नाहीत. यावरून जगभर मुलं हमरीतुमरीवर येतात. आमच्याकडेही यायची. त्यांतल्या एकाच्याही घरी आमच्यापैकी कोणी नव्हतं. त्यांच्या खिशात फोन होता, आणि आम्हा दोघांचा खरा वैरी तोच होता. पण वैर शेजाऱ्याशी करायचं असतं, म्हणून आम्ही ते एकमेकांशीच केलं. तिसऱ्या एका कंपनीचा छोटा डबा असतो म्हणे, त्याच्यावर घरातली सगळी माणसं मिळून खेळतात. तो आमच्याकडे कधी आला नाही. ट्यूशन एरियात घरातली सगळी माणसं एका जागी नसतात.

पांढऱ्याकडे खेळ लई होते. महिन्याचे पैसे भरले की त्याच्यात शेकडो खेळ उतरायचे. कोडी, शहरं वसवणं, विमानं, भुतं, मासेमारीसुद्धा. माझ्याकडे एकोणीस तबकड्या. त्यांत फुटबॉल, गाड्या, कुस्ती, बंदुकीचे दोन आणि गोष्टीचे चार-पाच. गोष्टीचे खेळ हा माझा अभिमान होता. डोंगर, बर्फ, हरवलेला बाप, त्याला शोधणारी मुलगी. एकेक गोष्ट चाळीस तासांची.

पण मित्रांनो, ट्यूशन एरियात चाळीस तास फक्त केमिस्ट्रीला मिळतात. मुलं यायची दोन क्लासच्या मधल्या पंचवीस मिनिटांत. पंचवीस मिनिटांत ती मुलगी पहिल्या खिंडीपर्यंत पोचायची, आणि बॉटनीची वेळ व्हायची. पुढच्या वेळी दुसरा कोणी यायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. माझ्या पोटात त्या मुलीच्या सतरा प्रती होत्या आणि सतराही खिंडीत उभ्या होत्या. एकीलाही बाप भेटला नाही. कोणीतरी यावं, पुन्हा यावं, आणि मागच्या वेळी जिथे सोडलं तिथूनच पुढे चालावं, एवढीच माझी इच्छा होती. डब्याच्या मानाने ती मोठी असेल.

मग जागेचा प्रश्न आला. लातुरात दोन माणसांच्या मध्ये मोकळी जागा दिसली की तिथे अभ्यासिका निघते. इमारतीच्या मालकालाही मागच्या खोलीत अभ्यासिका काढायची होती. त्याने सांगितलं की मे महिन्यात भिंत येईल. झेरॉक्सच्या बाजूला एकच टेबल बसणार होतं, म्हणून एकच डबा राहणार होता.

मंजुश्रीताई व्यापाऱ्याची मुलगी. त्यांनी मनाचा कौल घेतला नाही. फसलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी रकाने आखले आणि कागद भिंतीवर चिकटवला. एका बाजूला काळा, एका बाजूला पांढरा. खाली खेळांचे प्रकार त्यांनी स्वतःच्या भाषेत लिहिले: बंदूक, गाडी, फुटबॉल, कुस्ती, गोष्ट, डोकं, शेती. जो जे खेळेल त्याची तिथे एक रेघ. एप्रिलअखेर ज्याच्या रेघा कमी, तो जाणार.

त्या रेघांकडे बघत मी बरंच शिकलो. पांढऱ्याकडे शेकडो खेळ, पण त्याच्या शंभरातल्या ऐंशी रेघा बंदुकीत. पाच पानी मेन्यूकार्ड वाचून सगळ्यांनी शेवटी मसाला डोसाच सांगावा, तसं. चाचणीचा निकाल वाईट लागला की बंदूक. निकाल चांगला लागला की गाडी. फिजिक्सवाले सर सगळ्यांसमोर बोलले की कुस्ती. ‘डोकं’ या रकान्यात महिनाभरात एकही रेघ पडली नाही. दिवसभर चारांतला एक पर्याय निवडून आलेल्या पोरांना कोडं दाखवलं की ती पडद्याकडे नकोसा नातेवाईक आल्यासारखी बघायची.

आणि शेती. शेतीचा खेळ फक्त माझ्याकडे होता. एका खोक्यात फुकट आलेली ती तबकडी दोन वर्षं चहाच्या ग्लासाखाली होती. शेतकऱ्यांच्या पोरांना शेतीतून बाहेर काढायलाच लातूर वसलेलं. इथे शेतीचा खेळ कोण खेळणार?

त्या रकान्यातल्या सगळ्या रेघा एकाच माणसाच्या होत्या.

चन्नबसप्पा अज्जा देवणीजवळच्या एका गावचे. नात शिवांगी डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायला लातूरला आली. तिचे वडील पुण्यात गाडी चालवतात, आई गावात अंगणवाडीत. पोरीजवळ राहायचं कोणी, रांधायचं कोणी, लक्ष ठेवायचं कोणी, असा प्रश्न पडला आणि सगळ्यांनी अज्जांकडे बघितलं. अज्जांनी पाच एकर रान बटईनं दिलं, बैलजोडी चुलतभावाच्या दावणीला बांधली आणि ते सत्तराव्या वर्षी भाकरी थापायला शिकले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांचं सोयाबीन त्यांच्यावाचून निघालं. ते त्यांना फोनवर दाखवलं. अडतीस सेकंद.

एके दिवशी ते शिवांगीच्या प्रश्नपत्रिकांची झेरॉक्स काढायला आले. मशीनमध्ये कागद अडकला होता. भोकरची दामिनी नावाची अकरावीतली मुलगी तेव्हा पांढऱ्यावर कुस्ती खेळत होती. ट्यूशन एरियातल्या एकाही मुलाला तिने जिंकू दिलेलं नव्हतं.

“अज्जा, उभं कामून राहिलात? या, बसा,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी शेतीचा खेळ हाय.”

“शेती खेळायची असतीय व्हय?” अज्जा म्हणाले.

तिने गंमत म्हणून ग्लासाखालची तबकडी पुसली आणि मला दिली. पडद्यावर काळंभोर रान उघडलं. अज्जा बराच वेळ बघत राहिले.

“एक दगूड न्हाई,” ते शेवटी म्हणाले. “कुणी येचलं असतील एवढं?”

“ते तसंच येतंय, अज्जा.”

“तूर हाय का?”

दामिनीने यादी बघितली. “तूर न्हाई. गहू हाय, मका हाय. हे बघा, सोयाबीन हाय.”

“मग पेर म्हणावं.”

“म्हणायचं न्हाई, तुम्हीच पेरायचं. हे बटन दाबून धरा.”

अज्जांनी बटन इतक्या जोरात धरलं की माझ्या अंगातून कळ गेली. पेरणीची पहिली तास, म्हणजे ओळ, वाकडी गेली. दामिनी हसली. “बैल न्हाईत तर कुणाला हाकलू?” असं म्हणून त्यांनी ट्रॅक्टर मागे घेतला आणि तास पुन्हा धरली. दोनदा. तिसऱ्यांदा ती सरळ आली.

त्यानंतर ते रोज दुपारी येऊ लागले, शिवांगी क्लासला गेली की. आणि मित्रांनो, मागच्या दिवशी जिथे थांबले होते तिथूनच सुरू करू लागले. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदा होत होतं. एक पेरा काढून झाला की दुसरा. ते माझ्याशी बोलत नसत, सोयाबीनशी बोलत. “उगवलंव का बरं?” असं विचारत. उगवलेलं असायचं. माझ्या रानात सगळंच उगवतं. त्याचं त्यांना थोडं वाईटही वाटायचं.

फक्त सोमवारी ते विचित्र वागत. सोमवारी येत, खुर्चीवर बसत, रान उघडत आणि काहीच करत नसत. बांधावर एका जागी उभे. अर्धा तास पडदा ढिम्म. मंजुश्रीताई झेरॉक्सच्या बाजूने डोकावत, पडदा बघत, आणि त्यांची अशी समजूत झाली की सोमवारी मी अडकतो. त्यांनी माझं बटन बंद-चालू करून बघितलं, जाळीत फुंकर मारली, आणि चार सोमवारनंतर भिंतीवरच्या कागदावर माझ्या नावाखाली लाल शाईने लिहिलं: ‘सोमवारी हँग होतो.’

मला बोलता येत असतं तर मी सांगितलं असतं. पण मला फक्त धाप लागते.

एप्रिल संपला. रेघा मोजल्या. पांढरा दुपटीने पुढे होता. वर माझ्यावर लाल शेरा. ताईंनी नांदेडच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, पुढच्या सोमवारी टेम्पो लातूरला येतोय, डबा पुसून, कोरा करून ठेवा.

कोरा. म्हणजे सतरा मुली, सतरा खिंडी, आणि अज्जांचं रान.

फोन झाला त्याच दिवशी, सोमवारीच, शिवांगी हॉल तिकिटाची झेरॉक्स काढायला आली आणि आत खुर्चीवर तिला आजोबा दिसले.

“अज्जा, तुम्ही इथं काय करायलाव?”

“झेरॉक्सला आलतो,” अज्जा म्हणाले.

“मला मोबाइलला हात लावू देत न्हाईत, आन् तुम्ही इथं गेम?”

“गेम कुठाय? रान हाय ते.”

“बस गं जरा,” मंजुश्रीताई शिवांगीला म्हणाल्या. “आज काही खेळायला जमणार नाही त्यांना. तो डबा दर सोमवारी हँग होतो.”

शिवांगीने पडद्याकडे बघितलं. मग आजोबांकडे बघितलं. मग ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

“हँग न्हाई झाला, ताई. सोमवारी आमच्याकडं बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत. बैलाचा दिवस हाय तो. सोमवारी अज्जा नुस्तं रानात जाऊन उभं राहतेत.”

“आम्हीबी सोमवार धरतो,” ताई हळूच म्हणाल्या. “पण आमच्या घरी सोमवारी दुकान जास्त चालतं. हे मला माहीत नव्हतं.”

त्यांनी भिंतीवरचा लाल शेरा खोडला. पण रेघा रेघाच होत्या, आणि व्यापाऱ्याला शब्द दिलेला होता. त्यांनी अज्जांना सगळं सांगितलं. “पुढच्या सोमवारी डबा जाणार, अज्जा. त्याच्या आधी तुमचं पीक काढून घ्या.”

अज्जांनी वाकून पडद्यावरची एक शेंग बघितली. “अजून हिरवी हाय,” ते म्हणाले.

तो आठवडा त्यांना येता आलं नाही. रविवारी परीक्षा, केंद्र नांदेडला. पोरीचा डबा, तिची झोप, तिचं घाबरणं, मग नांदेडची एसटी. ते परतले सोमवारी सकाळी. दुपारी ते आले तेव्हा टेम्पो बाहेर उभा होता.

पडदा उघडला. माझ्या रानात खेळ बंद असतानाही पीक वाढत राहतं. सोयाबीन पिवळं पडून, वाळून, काढणीला आलेलं होतं. कोपऱ्यात माझी सूचना लुकलुकत होती की पीक लवकर काढा.

“काढून घ्या, अज्जा,” मंजुश्रीताई म्हणाल्या. “वीस मिनिटांचं काम आहे. हे थांबतात तेवढं.”

“आज सोमवार हाय.”

दामिनीही तिथेच होती. ती म्हणाली, “अज्जा, गेममधला वार येगळा हाय. हे बघा, इथं गुरुवार लिवलंय.”

“तिथं असंल गुरुवार. माझ्या हाताला तर सोमवारच हाय की.”

“पण ट्रॅक्टरला कुठं बैल हायत?”

अज्जांनी यावर खरोखर विचार केला. “न्हाईत,” ते म्हणाले. “पर मी हाय ना.”

व्यापारी दारात येऊन उभा राहिला. “ताई, कितीक वेळ? मला अजून अहमदपूरला थांबायचंय. पुसा की लवकर.”

“उद्या या.”

“उद्या टेम्पो बिलोलीला जाणार. डब्यातल्या सोयाबीनसाठी थांबू काय मी? भाव काय चाललाय त्याचा?”

अज्जा बांधावर उभे होते, म्हणजे खुर्चीवर बसले होते. त्यांनी पिकावरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, दोन्ही हात जोडले, आणि हातातलं बटनांचं यंत्र टेबलावर ठेवून उठले. “चांगलं आलतं,” ते ताईंना म्हणाले. “तुमचंबी उपकार झाले.” आणि चपला घालायला वाकले.

ताईंनी ते यंत्र हातात घेतलं. पडद्यावर प्रश्न आला: सगळं मिटवायचं का? ‘हो’वर त्यांचं बोट गेलं. मी धापा टाकत होतो. त्यांचं बोट थांबलं. त्यांनी भिंतीवरच्या रेघांकडे बघितलं, मग चपलेचा पट्टा शोधणाऱ्या अज्जांकडे.

“तुम्हाला एक डबाच न्यायचाय ना?” त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या. “मग तो पांढरा न्या.”

“ताई, डोकं ठिकाणावर हाय ना?” दामिनी म्हणाली. “सगळी पोरं त्याच्यावरच खेळून राहिली.”

“मला दिसतंय ते. मीच रेघा मारल्यात.”

व्यापारी इतका खूश झाला की त्याने सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने चहा सांगितला. पांढरा गेला. जाताना त्याचा दिवा दोनदा लुकलुकला. आम्ही इतकी वर्षं भांडलो, पण त्या दिवशी टेबलाची ती बाजू रिकामी बघून मला बरं वाटलं नाही.

मंगळवारी अज्जा सकाळीच आले, आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून. त्यांनी पीक काढलं. एक शेंग मागे राहू दिली नाही. मग धसकटं मोडून रान नांगरलं. मंजुश्रीताई झेरॉक्स सोडून त्यांच्या मागे उभ्या होत्या.

“आता?” त्यांनी विचारलं.

“आता तापू द्यायचं. मिरगापर्यंत कुणी पेरू नका.”

बुधवारी आजोबा आणि नात देवणीच्या एसटीत बसले.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण आत्मवृत्तात खरं सांगायचं असतं. पहिल्या खेपेला नंबर लागला नाही तर पोरं लातूरला आणखी एक वर्ष काढतात. त्यांच्याबरोबर राहणारी माणसंही काढतात. मी महिनाभर तीच आशा धरून होतो. मला शिवांगीचं वाईट व्हायला नको होतं. मला फक्त अज्जा हवे होते. या दोन गोष्टी एकच आहेत, हे मला कळत होतं आणि मी कळू देत नव्हतो.

शिवांगीचा नंबर लागला. एसटीच्या कंडक्टरबरोबर पेढ्यांची पुडी आली. ताईंनी एक पेढा झेरॉक्सच्या मशीनपुढे ठेवला, एक माझ्यापुढे. तो दामिनीने खाल्ला.

मृग कधीच उलटून गेला. अज्जांचं पाच एकर आता पुन्हा त्यांच्या हातात आहे, त्यात दगड आहेत, तूर आहे, आणि बैलजोडी परत दावणीला आली आहे. त्यांनी इकडे कशाला यावं? पोरंही कमी झाली. बंदुकीसाठी ती आता चार दुकानं सोडून पलीकडे जातात. जी येतात ती नवा खेळ टाका म्हणतात. नवा खेळ टाकायला गेलं की मी सांगतो, जागा भरली आहे, काही मिटवायचं का? मंजुश्रीताई यादी उघडतात. सतरा मुली त्यांनी मिटवल्या. रान आलं की त्या ‘नंतर’ दाबतात. पोरं म्हणतात, ताई, त्यात काहीच न्हाई, नुस्तं नांगरलेलं हाय. ताई म्हणतात, म्हणूनच.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा डबा असेल, जुना फोन असेल, कपाटावर बंद पडलेलं काहीतरी असेल. नवं आणा, माझं काही म्हणणं नाही, मीही एकदा नवा होतो. पण जुनं कोरं करण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा हाक मारा आणि विचारा, यात तुमचं काही आहे का. ते बहुतेक नाही म्हणतील. तरी एक दिवस थांबा.

आज दुपारी ताईंनी माझी जाळी पुसली आणि रान उघडून बघितलं. ते तापलेलं आहे. पेरायला अगदी तयार आहे.